प्रश्न कोणासाठी?

नेसरीचे नाव निघाले की प्रतापराव गुजरांचे स्मरण होतेच. 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीच्या खिंडीत अवघ्या सहा साथीदारांनिशी ते बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि सातही जण धारातीर्थी पडले. त्या पराक्रमामागील कारण मात्र आपण सहसा आठवत नाही. कोंडीत सापडलेल्या खानाला प्रतापरावांनी सोडून दिले होते, आणि शिवाजी महाराजांनी आपल्या सरनोबताला त्याचा जाब विचारला होता. प्रतापरावांनी त्या जाबाला प्राणांनी उत्तर दिले.

लोकशाहीत जाब उलट दिशेने विचारला जातो. प्रजा विचारते आणि राज्यकर्ता उत्तर देतो. लोकसभेचा पहिला तास त्यासाठीच राखून ठेवलेला असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यावयाचे असते. लेखी उत्तर अधिकाऱ्यांनी तयार करून दिलेले असते. परंतु त्यावर पूरक प्रश्न आला की मंत्र्याला आपल्या खात्याचे खरोखर किती ज्ञान आहे, ते दिसून येते. येथे कोणाला प्राण द्यावे लागत नाहीत. खरे बोलावे लागते, इतकेच.

नेसरी परिसरातील कानडेवाडीचे बाबासाहेब कुपेकर 2004 ते 2009 या काळात महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. अध्यक्ष स्वतः प्रश्न विचारीत नाही; इतरांना तो विचारता यावा, याची काळजी वाहतो. संत थॉमस मोर 1523 साली इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाचे अध्यक्ष झाले, तेव्हा सदस्यांना निर्भयपणे बोलू द्यावे, अशी विनंती त्यांनी राजालाच केली होती. पुढे 1535 साली त्याच राजाच्या आज्ञेने त्यांचा शिरच्छेद झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 साली त्यांना राजकारणी व्यक्तींचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

आजचा लोकप्रतिनिधी म्हणेल, मोर यांचे धैर्य आम्ही कोठून आणावे? पक्षादेशाने आमचे हात बांधलेले आहेत. त्यात तथ्य आहे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार विधेयकावर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. परंतु पक्षादेश मताला बांधतो. प्रश्नाला बांधीत नाही. स्वपक्षाच्या मंत्र्यालाही सदस्य प्रश्न विचारू शकतो, विधेयकातील उणीव चर्चेत दाखवू शकतो. त्याने पुढील उमेदवारी धोक्यात येईल, हे खरे. पण तो भयाचा भाग झाला, कायद्याचा नव्हे.

याहून अवघड कोडे निराळेच आहे. प्रश्न योग्य, परंतु हेतू अयोग्य असेल तर? 1951 साली हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या हितासाठी संसदेत प्रश्न मांडल्याचे चौकशीत आढळले. त्यांनी राजीनामा दिला, तरी ते हकालपट्टीलाच पात्र होते, असा निर्णय सभागृहाने दिला. डिसेंबर 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांचे सदस्यत्व रद्द झाले. त्यांत महाराष्ट्रातीलही होते. कोणी म्हणेल, विकत घेतलेल्या प्रश्नातूनही खरी माहिती बाहेर येतेच. मग बिघडले कोठे? आम्हांला वाटते, तो प्रश्न विचारणाऱ्याच्या मालकीचाच नव्हता, येथेच बिघडले. ज्याला सभागृहात प्रवेश नाही, त्याची ती ठेव होती. ती विकल्याने त्या दिवशी कोणा तरी मुक्याचा प्रश्न राहून गेला.

पवित्र शास्त्रात अब्राहाम परमेश्वरापुढे उभा राहून सदोमासाठी रदबदली करतो. पन्नास नीतिमानांपासून तो दहांपर्यंत खाली येतो. भीत भीत, पण पुन:पुन्हा विचारतो. त्याचा पुतण्या लोट त्या नगरात राहत होता, तरीही तो लोटाचे नाव घेत नाही. उलट पिलात सत्य म्हणजे काय, असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहताच बाहेर जातो. पहिला प्रश्न इतरांसाठी होता. दुसरा कोणासाठीच नव्हता. सभागृहातील प्रश्नांची पारखही याच कसोटीवर करावी.

मात्र ही कसोटी आधी आपण आपल्यालाच लावली पाहिजे. आपली शाळा, आपली दफनभूमी, आपले दाखले यांचा प्रश्न आला की आपले शिष्टमंडळ आमदारांकडे जाते. त्यात गैर काही नाही. परंतु शेजारच्या वाडीत पाणी नसते, ऊसतोड मजुरांची मुले शाळेबाहेर राहतात, तेव्हा आपण गप्प असतो. मिस्साबलिदानाच्या प्रारंभी आपण टाळलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. हे मौन त्यांतच मोडते.

धर्मग्रामाच्या सणाला लोकप्रतिनिधी येतात. आपण शाल-श्रीफळ देतो आणि चर्चच्या रस्त्याचे निवेदन हाती ठेवतो. पुढील वेळी निवेदनाबरोबर एक साधी विचारणाही करावी : मागील अधिवेशनात आपण कोणता प्रश्न विचारला, आणि तो कोणासाठी विचारला?