एफवायच्या वर्गातला बिबट्या

जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला रेड्याची समाधी आहे. पैठणात ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेवर इथे शांत झाला, असे परंपरा सांगते. शुद्धिपत्र मागायला गेलेल्या पोरक्या भावंडांना शास्त्र्यांनी त्यांचा अधिकार विचारला, त्याला मिळालेले ते उत्तर होते. म्हणूनच शिक्षणाबद्दल बोलायला मला हे गाव जवळचे वाटते. आज इथेच ज्ञानेश्वर ग्रामोन्नती मंडळाचे महाविद्यालय आहे. सकाळी आळेफाट्यावर एसटीतून उतरणाऱ्या मुलामुलींत पदवीपर्यंत पोचणारी घरातली पहिलीच माणसे पुष्कळ असतात. दाखल्यापुरता अधिकाराचा प्रश्न सुटला आहे. वर्गात बसल्यावर त्यांच्या पदरात काय पडते, हे मात्र अजून ठरायचे आहे.

नवे शैक्षणिक धोरण 2024-25 पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षाला लागू झाले. आता एफवायच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यावा लागतो. शिवाय भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, भाषा आहेतच. कल्पना जुनीच आहे. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सामान्य शिक्षण द्यावे, अशी शिफारस राधाकृष्णन आयोगाने 1948-49 मध्ये केली होती. मुंबई विद्यापीठात फाउंडेशन कोर्स वर्षानुवर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निकालानंतर पर्यावरणाचा पेपर सगळ्यांना आला. या सगळ्यांची गत मुलांच्या एका वाक्यात सांगता येते: “सर, तो पास होण्यापुरता आहे.”

मुलांना मी दोष देत नाही. दोन क्रेडिट म्हणजे वर्गातले 30 तास. असा समाईक विषय कोणत्याच विभागाचा नसतो, म्हणून ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याच्या वाट्याला जातो, नाहीतर तासिका तत्त्वावर आलेल्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडतो. तो बिचारा दोन-तीन कॉलेजांत तास घेत फिरत असतो. मग पीडीएफ ग्रुपवर येते, इंटर्नलला बहुपर्यायी प्रश्न येतात आणि सत्र संपते. जो विषय सगळ्यांचा, त्याला वाली कोणी नाही.

तरीही हा वर्ग सोन्यासारखा आहे असे मी म्हणतो, त्याला कारण आहे. जुन्नर-आंबेगावच्या एकत्र वर्गात बिबट्याचा विषय काढून पाहावा. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली, कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला. उसात बिबट्याला लपण मिळाली, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या खायला मिळाल्या, पिल्लेही उसातच जन्मू लागली. विज्ञान शाखेची मुलगी हे सगळे नीट मांडते. कॉमर्सचा मुलगा विचारतो, शेळी गेली तर पंचनामा कोण करतो आणि भरपाई हातात कधी पडते? पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी वस्तीवरून आलेली मुलगी वाघोबाच्या ठाण्याविषयी बोलते. एरवी ती वर्गात तोंड उघडत नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, “आमच्या पंपाला थ्री-फेज रात्रीची असते. वडील बॅटरी घेऊन दारं धरायला उसात जातात. दिवसा का नाही देत लाइट?”

या प्रश्नापाशी वर्ग थांबतो. विजेची मागणी दिवसा किती आणि रात्री किती, शेतीचा दर कोण ठरवतो, 1972 च्या वन्यजीव कायद्याने बिबट्याला कोणते संरक्षण दिले, मतदारसंघात कोणाचा आवाज ऐकला जातो, हे सगळे त्यात आले. एकट्या विज्ञानाला, एकट्या वाणिज्याला किंवा एकट्या कलाशाखेला तो सुटत नाही. तीन शाखांची मुले शेजारी बसवायची ती याचसाठी.

अर्थात नुसते अनुभव सांगून शिक्षण होत नाही, आणि इथे शिक्षकाचे काम अवघड होते. “बिबटे वनखात्यानेच आणून सोडलेत,” हे वाक्य या भागात घरोघर ऐकू येते. ते खोडून काढणे सोपे आणि मान हलवून सोडून देणे त्याहून सोपे. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जुन्नर भागावरचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले, असे त्यात दिसले. म्हणजे लोकांच्या बोलण्यात तथ्याचा एक धागा होता आणि त्याभोवती बरीच अफवा गुंडाळलेली होती. हा धागा सोडवायला शिकणे हेच मला पहिल्या वर्षाचे खरे काम वाटते. ‘आमच्याकडे असंच असतं’ इथपासून ‘असं का असतं आणि हे कशावरून’ इथपर्यंत ज्या मुलाने एकदा मजल मारली, तो पुढे कोणताही विषय वेगळ्या नजरेने वाचतो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने 1919 मध्ये पहिल्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवर सर्व नव्या विद्यार्थ्यांसाठी समकालीन संस्कृतीचा एक समाईक अभ्यासक्रम सुरू केला. जगभर अशा शिक्षणाचा दाखला देताना त्याचेच नाव घेतात. त्याच वर्षी कराडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. सगळ्यांनी काय वाचावे, हा न्यूयॉर्कचा प्रश्न होता. कोणी कोणाशेजारी बसावे, हा साताऱ्याचा. मला दोन्ही हवेत, पण एकच निवडायची वेळ आली तर मी साताऱ्याकडे जाईन. बागायती पूर्व भागातला मुलगा आणि आश्रमशाळेतून आलेली मुलगी एकाच तालुक्यात वाढतात, पण एकमेकांचे जगणे त्यांना ठाऊक नसते. मुख्य विषयांच्या तासांना ती पुन्हा पांगतात. त्यांना एकमेकांचे ऐकायला लावणारी जागा हा समाईक तासच आहे.

भारतीय ज्ञानप्रणालीचेही तेच. तिथे गौरवाची यादी पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना नाणेघाटात न्यावे. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दानाचे आकडे कोरले आहेत, आणि आपल्याकडच्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. गणिताच्या मुलाला त्या आकड्यांत शून्य सापडणार नाही, कॉमर्सची मुलगी कार्षापणांचा हिशोब मांडेल, आणि एवढे दान द्यायला पैसा आला कुठून, हे घाटातला जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहून कोणीतरी विचारेलच.

म्हणून प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. हा पेपर कॉलेजातल्या सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्या. तीन शाखांच्या तीन तुकड्या न करता मुले मिसळून बसवा. बहुपर्यायी प्रश्नांऐवजी दर पंधरवड्याला दोन पाने मराठीत लिहून घ्या, ती वाचा आणि शेरे मारून परत द्या. आणि हा तास दिवसाच्या शेवटी ठेवू नका, कारण लांबच्या गावांची मुले तेव्हा एसटीसाठी निघून गेलेली असतात.