पदवी आणि गाठ

बाई लिहायला-वाचायला शिकली की तिचा नवरा मरतो, असा समज एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात घट्ट रुजलेला होता. त्याच सुमारास, १८७३ साली, बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी चक्क पुस्तक लिहून बजावले की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांचे गर्भाशय खुरटेल. आपल्याकडे बळी नवऱ्याचा, तिकडे शिकणारीचाच. दोन्ही भाकितांना आज आपण हसतो. पण स्तनाच्या कर्करोगाची आकडेवारी हातात आली की हसू जरा आवरते, कारण तिथे अधिक शिकलेल्या स्त्रियांत रोगाचे प्रमाण खरोखरच अधिक भरते. नॉर्वे आणि स्वीडनमधील स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोळा वर्षांहून जास्त शिकलेल्या स्त्रियांना सात ते नऊ वर्षे शिकलेल्यांपेक्षा ३६ टक्के अधिक धोका आढळला. क्लार्क यांच्या वंशजांना एवढे पुरे आहे. मात्र त्याच अभ्यासात पहिल्या बाळंतपणाचे वय, मुलांची संख्या, उंची, मद्यपान वगैरे गोष्टी हिशेबात घेतल्या, तेव्हा शिक्षणाच्या खात्यावर जवळजवळ काहीच उरले नाही. म्हणजे पदवी ही पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यासारखी आहे. पाकीट कोणत्या वाटेने आले ते शिक्क्यावरून कळते, आतला मजकूर कळत नाही.

उशिरा किंवा कमी बाळंतपणांची ही वाट पदवीच्याही आधीपासून माहीत आहे. इटलीचे वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी मठवासी जोगिणींमध्ये हा रोग जास्त असल्याचे नोंदवले होते, आणि त्या काही पदवीधर नव्हत्या, फक्त मूलबाळ नसलेल्या होत्या. मुंबईत पारशी स्त्रियांमध्ये तो इतर समाजांपेक्षा जास्त आढळत आला आहे. उशिरा लग्न, कमी मुले ही त्या समाजाची जुनी रीत. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतल्या पाहणीत असे दिसले की पहिले मूल अठराव्या वर्षाच्या आत झालेल्या स्त्रीचा धोका पस्तिशीनंतर आई झालेल्या स्त्रीच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. स्तनातल्या दूधग्रंथी पहिल्या पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात परिपक्व होतात. तोवर त्या पेशी दर महिन्याच्या संप्रेरकांच्या भरती-ओहोटीत अधिक हळव्या राहतात. कॉलेज हा काळ लांबवते इतकेच.

यावर चलाख वाचक म्हणेल की शिकलेली बाई तपासणी करून घेते, म्हणून तिचा रोग सापडतो. अडाणी बाईचा सापडतच नाही. युरोप-अमेरिकेत या शंकेत तथ्य आहे. मॅमोग्राफीत दिसणाऱ्या अगदी प्राथमिक गाठी तिथल्या सुशिक्षितांत जास्त नोंदल्या जातात. आपल्याकडे मात्र ती टिकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी स्तनाची तपासणी एकदा तरी झालेल्या होत्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही! तरीही मुंबईच्या आणि बार्शीच्या कर्करोग नोंदणीत फरक स्पष्ट आहे. बार्शीची नोंदणी १९८७ साली सुरू झालेली, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. तिथे दीर्घकाळ स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे आणि स्तनाचा मागे राहिला. मुंबईत नेमके उलटे.

बार्शीचे हे चित्र त्या दुसऱ्या आक्षेपालाही उत्तर देते, जो सहसा दबक्या आवाजात घेतला जातो: मग मुलींची लग्ने लवकर केलेली काय वाईट? लवकर लग्न आणि पाठोपाठची बाळंतपणे यांबरोबर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, बाळंतपणातल्या मृत्यूचे तर सोडाच. एक रोग देऊन दुसरा घेण्याचा हा सौदा कोणत्या हिशेबात बसतो? शिवाय त्यातला नफाही तपासून घ्यावा. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची २००२ साली एकत्र मांडणी झाली. प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी घटतो, आणि अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी, असे त्यातून निघाले. प्रगत देशांतल्या स्त्रियांनी पूर्वीच्या गरीब देशांतल्या बायकांइतकी मुले जन्माला घालून तितकीच वर्षे पाजले, तर सत्तरीपर्यंत रोग होणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ६.३ वरून २.७ वर येईल, असा त्यातला अंदाज. शंभरातल्या साडेतीन-चार जणींसाठी बाकीच्या शहाण्णवांनी सहा-सात बाळंतपणे काढायची. आणि त्या घटीतला जवळपास दोन-तृतीयांश वाटा एकट्या स्तनपानाचा, हे या अभ्यासातले सर्वांत बोलके, पण सर्वांत कमी सांगितले गेलेले वाक्य.

कारण अंगावर किती महिने पाजायचे हे कॉलेजात ठरत नाही. ते कामाच्या जागी ठरते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर आली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पण ही तरतूद संघटित नोकरीतल्या थोड्याच जणींपर्यंत पोहोचते. दोन मुलांना वर्ष-वर्षभर पाजून धोका फार तर आठेक टक्क्यांनी कमी होईल, हेही मान्य केले पाहिजे. तो रामबाण नव्हे. पण शिक्षणाच्या नावावर लिहिलेल्या धोक्याचा काही भाग प्रत्यक्षात मालकांच्या वहीतला आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

आतापर्यंत मी 'धोका' हा शब्द रोग होण्याच्या अर्थाने वापरला. आपल्या चर्चेतली मोठी गफलत इथेच आहे, कारण रोग होणे आणि रोगाने मरणे या दोन गोष्टी एका दिशेने चालत नाहीत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण आणि ६ लाख ७० हजार मृत्यू. भारतात १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू. जगात नव्या दहा रुग्णांमागे तीन मृत्यू, आपल्याकडे पाच. गाठ हाताला लागून दवाखान्यात पोहोचेपर्यंत गेलेले महिने या फरकात मोजलेले आहेत. दुखत नाही म्हणून थांबणे, सांगायला संकोच, घरातल्या पुरुषाला सवड नसणे, हातात पैसा नसणे. इथे शिक्षण बाईच्या बाजूने उभे राहते. म्हणून याला 'शिकलेल्या, शहरी बायकांचा आजार' म्हणणे केवळ चूक नाही, जीवघेणे आहे. त्या लेबलामुळे भूम-परांड्यासारख्या ग्रामीण भागातल्या बाईला आणि तिच्या डॉक्टरलाही ही गाठ आपल्यातली वाटत नाही.

हे अंतर मॅमोग्राफीच्या महागड्या यंत्रांशिवायही कमी होऊ शकते, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून शहरातल्या झोपडवस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांना दोन गटांत विभागून एक चाचणी चालवली. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, केवळ हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले. सगळ्या वयांत मिळून मृत्यूंतली घट १५ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि गाठी आधीच्या टप्प्यावर सापडल्या. त्या स्त्रियांपैकी कोणाचे शिक्षण त्यासाठी वाढवावे लागले नव्हते. आरोग्यसेविका त्यांच्या दारापर्यंत गेल्या होत्या.