पदक नको म्हणणाऱ्याचे पदक

भिलाईला लागून असलेल्या जामुलमध्ये, सिमेंट कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या वस्तीत, काही मराठी कुटुंबे राहतात. तिथल्या स्वाध्यायात गीतेचा तिसरा अध्याय सुरू असताना एका गृहस्थांनी विचारले, "माझे वडील 1971 च्या युद्धात होते. त्यांच्या सैन्याच्या कागदपत्रांत आईचं नाव चुकलं आहे आणि मिळायला हवं होतं अशा एका पदकाची नोंदच नाही. मला अर्ज करायचा आहे. बाबा म्हणतात, आपण काम केलं, देवानं पाहिलं, आता कागदाच्या मागे कशाला लागायचं? निष्काम कर्माच्या दृष्टीनं बाबांचं बरोबर की माझं?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. वडिलांच्या बोलण्यात दिखावा नाही. बर्फात किंवा चिखलात रात्र काढणारा जवान छातीवर काय लागेल याचा हिशेब करून तिथे उभा राहत नाही. शेजारचा सोबती आणि हाती दिलेली जागा, एवढेच त्याच्यासमोर असते. काम झाले की तो त्यातून मोकळा होतो. फळाची आस सोडणे म्हणजे काय, हे अशा माणसाला शिकवावे लागत नाही. त्या वृत्तीपुढे आपण हात जोडावेत.

पण निष्कामता हे कर्त्याने स्वतःच्या मनासाठी घेतलेले व्रत आहे. ते एकाने दुसऱ्यावर लादायचे नसते. उपवास करणाऱ्याचे कौतुक करावे, मात्र "तुम्ही उपवास करता ना, मग तुमचे ताट आम्ही वाढतच नाही," असे घरातल्यांनी म्हणायचे नसते. आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण त्याच्यावर असते. या कल्पनेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ऋण देणारा ते मागायला दारात येत नाही. ऋषी वसुलीला येत नाहीत, पितर खतावणी दाखवत नाहीत. आठवण ठेवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. ज्याच्या पहाऱ्यावर आपण निर्धास्त झोपलो, त्याच्या बाबतीत हा नियम बदलायचे कारण दिसत नाही. वडिलांनी मागू नये, हे त्यांना शोभते. आपण विसरावे, हे आपल्याला शोभत नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. त्या सोडवून पाहू.

पहिली गोष्ट आईच्या नावाची. आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलण्याची चाल होती. भरती झाल्यावर किंवा लग्नानंतर रजेवरून परतल्यावर जवानाने कारकुनाला माहेरचे नाव सांगितले असेल, तर सैन्यात तेच लागले. पुढे शिधापत्रिका, बँक, आधार या सगळ्यांवर सासरचे नाव चढले. नवरा हयात असेपर्यंत या फरकाचे कोणाला काही वाटत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज जातो आणि कार्यालय विचारते, कागदावरची ही बाई कोण? सत्तरी ओलांडलेल्या विधवेला आपण आपल्याच नवऱ्याची बायको आहोत हे सिद्ध करत फिरावे लागते. इथे मानाचा प्रश्नच नाही, भाकरीचा आहे, आणि ती भाकरी वडिलांची नसून आईची आहे. स्वतःच्या हक्कावर पाणी सोडायला प्रत्येक जण मोकळा आहे. दुसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडण्याला वैराग्य म्हणत नाहीत. ही दुरुस्ती वडिलांच्या हयातीत, त्यांच्या सहीने व्हायला हवी, कारण तेव्हा ती सर्वांत सोपी असते. मूळ डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश, विवाहाचा किंवा नावाच्या बदलाचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तिथून अर्ज त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे सागरला. बदल मान्य झाला की निवृत्तिवेतनाच्या आदेशातही दुरुस्ती करून घ्यावी लागते. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि मग पहिली सगळी धावपळ वाया जाते.

दुसरी गोष्ट युद्धपदकाची. 1971 च्या युद्धासाठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक आहे; 1965 च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक. ही शौर्याची पदके नव्हेत. अमुक काळात, अमुक ठिकाणी, ठरलेल्या अटींनुसार सेवा केली, एवढेच ती सांगतात. म्हणजे ती बक्षीस नसून साक्ष आहेत. साक्ष चुकली असेल तर ती नीट करून मागण्यात लोभ कसला? शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली तर आपण ती बदलून घेतो. त्याला कोणी अहंकार म्हणत नाही.

तिसरी गोष्ट शौर्यपदकाची, आणि ती खरोखर अवघड आहे. पराक्रम घडतो एका क्षणात. त्याची नोंद मात्र कोणीतरी पाहिलेले असावे लागते, त्याने ते लिहावे लागते आणि वरच्याने ते मानावे लागते. या साखळीची एक कडी तुटली की घडलेले न घडल्यासारखे होते. 18 नोव्हेंबर 1962 रोजी लडाखमधल्या रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग आणि 13 कुमाऊंच्या चार्ली कंपनीने जे केले, ते सांगायला मोजकेच जवान परतले. सुमारे 120 जणांपैकी शंभराहून अधिक तिथेच पडले होते. परतलेल्यांच्या सांगण्यावर सुरुवातीला विश्वास बसत नव्हता. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी 1963 मध्ये, मृतदेह सापडले. खंदकांत, हातातल्या शस्त्रांसकट गोठलेले. जिवंतांची साक्ष अपुरी पडली होती, ती मृतांनी पुरी केली. मेजर शैतान सिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पण प्रत्येक रणभूमीवर बर्फ नसतो. वाळूत आणि भाताच्या खाचरात पुरावा टिकत नाही.

उलट प्रकारची चूकही होते. 1999 मध्ये टायगर हिलवर लढलेले ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादव यांचे परमवीर चक्र मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. प्रत्यक्षात ते रुग्णालयात उपचार घेत होते. त्याच पलटणीतले त्याच नावाचे दुसरे जवान हुतात्मा झाले होते. देशाचा युद्धकाळातला सर्वोच्च शौर्यसन्मान, सगळ्यांची नजर त्यावर, आणि तरी नावाचा असा घोटाळा होऊ शकला. मग एखाद्या साध्या शिपायाच्या कागदात चूक राहिली यात नवल नाही. चूक झाली म्हणून कोणावर रागावण्यातही अर्थ नाही. ती दाखवून दिल्यावरही तशीच ठेवली, तर मात्र तो अन्याय होतो.

नाव नोंदले न जाणे म्हणजे काय, हे मराठी माणसाने बसऱ्याच्या स्मारकाकडे पाहून समजून घ्यावे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन होते. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. उपासमार सोसून 29 एप्रिल 1916 रोजी त्यांना शरण जावे लागले आणि पुढे कैदेत कित्येक मेले. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीनुसार फक्त आकडा दिला गेला. मृत्यूनंतर सगळे समान, हे तत्त्व सांगणाऱ्या आयोगाचेच हे स्मारक. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने 2021 मध्ये स्वतःच्या इतिहासाची चौकशी करून अहवाल दिला. किमान 1 लाख 16 हजार मृतांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या लोकांची, नावाने नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल, असे त्यात म्हटले आणि क्षमा मागितली. शंभर वर्षांनी. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या कुठल्या घरातला तो आकडा होता, हे शोधणे आता किती कठीण!

जिवंतपणी थांबावे लागलेल्यांचेही एक नाव डोळ्यांसमोर येते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ईएमई विभागात होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री 2018 मध्ये आली, अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये. त्यांचे पदक सैनिकी नव्हे, खेळाचे. पण ऐंशीच्या उंबरठ्यावर पोहोचेपर्यंत देशाला वेळ लागला हे खरे.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर आपणच सत्याशी बेइमान होऊ. स्मृती वाढत जाते. आजोबांनी सांगितलेली चकमक नातवाच्या तोंडी लढाई होते. बाजारात पदकाची नक्कल विकत मिळते. म्हणून जुन्या शौर्याचा दावा तपासणाऱ्याने कठोर असणे हा सैनिकांचाच सन्मान आहे. सैल हाताने वाटलेले पदक आधी रक्त सांडून मिळवलेल्या पदकाची किंमत कमी करते. ऑस्ट्रेलियात टेडी शीन नावाचा अठरा वर्षांचा नौसैनिक 1 डिसेंबर 1942 रोजी बुडत्या जहाजावरच्या तोफेला स्वतःला बांधून घेऊन शत्रूच्या विमानांवर मारा करत राहिला आणि जहाजाबरोबर बुडाला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला 2020 मध्ये. मधल्या काळात मागणी झाली, नाकारली गेली, पुन्हा पुरावे तपासले गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही दिरंगाई वाईटच. पण भावनेच्या भरात एका सभेत निर्णय झाला नाही, हे मला योग्य वाटते. अर्जदारानेही तेवढेच प्रामाणिक राहावे. जे ठाऊक आहे ते लिहावे, जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून लिहावे आणि नकार आला तर वडिलांची सेवा त्या नकाराने उणी झाली असे घरात कोणी बोलू नये.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सुचवले, की आईचे नाव आधी दुरुस्त करा, त्यासाठी वडिलांच्या मनाची समजूत घालावी लागली तरी घाला. युद्धपदकाचा अर्ज मुलाने स्वतःच्या नावाने कळकळ म्हणून करू नये. वडिलांना शेजारी बसवून, तारखा आणि ठाणी त्यांच्याच तोंडून घेऊन करावा. वडील फक्त साक्ष देतील, मागणार नाहीत. आणि त्याच बैठकीत त्यांच्यासोबत असलेल्या जवानांची नावे, गावे विचारून घ्यावीत. 1971 मध्ये विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीत आहे. त्यांतल्या कोणाच्या तरी कागदावरही असेच काही राहून गेले असेल, आणि ते सांगू शकणारा एकमेव माणूस कदाचित जामुलमध्ये, पदक नको म्हणत, ओसरीवर बसला असेल.