उत्तरेच्या उन्हाळ्यात घाई नको

चि. छकुलीस,

फिनलंडमधल्या रोव्हानिएमीच्या थंडीत तू हिवाळाभर वेळेवर वर्गाला जात होतीस, हे तुझ्या आईकडून ऐकलं आणि ऊर भरून आला. आता जून येईल, महिनाभर सूर्य मावळणारच नाही, आणि त्याच्याबरोबर डासही येतील, ज्यांच्याबद्दल तू फोनवर इतक्या काळजीने विचारत होतीस. माझी सगळी नोकरी हिवताप विभागात गेली, गावोगावची डबकी धुंडाळण्यात आणि घरांच्या भिंतींवर फवारणीच्या तारखा लिहिण्यात. तेव्हा या विषयावर नातीला चार शब्द सांगायचे ते मीच सांगायला हवेत.

आपल्याकडे डेंग्यूचा डास घरातल्याच साठवणीच्या पाण्यात वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप-हंडे घासून कोरडे करायचे, ही आजीची शिस्त तुला ठाऊकच आहे. तिकडे मात्र हा उपाय पुरा पडायचा नाही, बाळ. तिकडच्या मादीने गेल्या उन्हाळ्यात ओलसर मातीत, शेवाळात घातलेली अंडी हिवाळाभर बर्फाखाली निमूट पडून असतात, आणि बर्फ वितळून दलदलीत पाणी साचलं की ती एकदमच फुटतात. मैलोन् मैल पसरलेली दलदल कोण कोरडी करणार? तिथले लोक जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतच्या या हंगामाला ‘रॅक्का’ म्हणतात आणि त्याच्या कलाने आपली कामं लावतात. तूही तसंच कर.

हे डास हिवताप देत नाहीत, तेव्हा ती धास्ती इकडेच ठेव. फक्त उन्हाळा सरता सरता त्यांच्यामुळे कधीकधी ‘पोगोस्ता’ नावाचा आजार होतो. अंगावर पुरळ येतं, सांधे दुखतात. तसं काही वाटलं तर अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव.

आता सवयींचं सांगतो. पहाटे उठण्याची तुझी सवय (ती तू सोडली नसशीलच) तिथे फार कामाला येईल. पारा सात-आठ अंशांवर असला की डास गारठलेला असतो, आणि चार वाजता लख्ख उजेड असतो. फिरणं तेव्हाच उरकून घे. संध्याकाळी वारा पडला की झाडीत जाऊ नकोस, तळ्याकाठी वारं लागेल अशी उघडी जागा बघून बस. डास उडण्यात दुबळा असतो, वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. तिथले रेनडिअरसुद्धा या दिवसांत दाट रान सोडून उघड्या माथ्यांवर, वाऱ्याला जाऊन उभे राहतात. मुकी जनावरं, पण कळतं त्यांना.

कपडे फिक्या रंगाचे, सैल आणि जाड विणीचे घाल. अंगाला चिकटलेल्या तंग कापडातून त्याची सोंड सहज आत जाते. पायजम्याची टोकं मोज्यांत खोच, डोक्यावर जाळीची टोपी घाल. जाळी फाटली तर नवी घ्यायला धावू नकोस, दोन टाक्यांत शिवून होते. मलम लावायचं तर आधी उन्हाचं, ते मुरू दे, मग डासांचं. आणि तेही फक्त उघड्या कातडीवर, कपड्यांच्या आत नाही. तेवढ्याने काम भागतं आणि नळी हंगामभर पुरते. मलमात डीट हे रसायन असेल तर चष्म्याला आणि घड्याळाच्या काचेला हात लावण्याआधी बोटं धू, ते प्लास्टिक खातं.

एवढं करूनही चावतीलच. गांधी उठली की थंड पाण्याची पट्टी ठेव आणि थोडा वेळ हात आवर. खाजवलंस की नख लागतं, जखम होते, आणि एका दिवसाचं दुखणं आठवडाभर पुरतं.

आणि त्या जिवांचा राग धरू नकोस गं. हिवाळ्यात आपल्या उसाच्या कडेला शेपटी उडवत फिरणारा निळ्या गळ्याचा शंकर पक्षी तू पाहिला आहेस ना? त्यातले काही थेट नॉर्वेकडून इकडे येतात असं अभ्यासकांना दिसलं आहे, आणि उन्हाळ्यात तिकडे जाऊन ते अशाच किड्या-डासांवर पिल्लं वाढवतात.

तुझ्या चांगुलपणाची, कष्टांची मला कधीच चिंता वाटली नाही. चिंता आहे ती फक्त तुझ्या घाईची. पाच मिनिटांचंच काम आहे म्हणून उघड्या हातापायांनी बाहेर धावणं, दार सताड उघडं टाकून आत शिरणं, जुलैअखेर दलदलीत हिल्ला नावाची केशरी फळं पिकली की जाळीची टोपी विसरून टोपली घेऊन पळणं, हे तुझ्याकडून होईल असं मन सांगतं. त्या देशात कुणाच्याही रानातली फळं वेचायची मुभा सगळ्यांना आहे. फळं कुठे पळून जात नाहीत. टोपी घाल, दार लावून घे, मग निघ. आणि डासांना भिऊन घरात कोंडून बसू नकोस. इतका उजेड वर्षातून एकदाच येतो, तो पुरेपूर घे.

पत्राचं उत्तर सवडीने लिही.

तुझे,
आजोबा