घरच्या गुरूचा अधिकार

ज्याने अपत्यास जन्म दिला त्याला त्या अपत्याच्या बुद्धीस वळण लावण्याचा अधिकार जन्माच्या नात्यानेच प्राप्त होतो, की विद्यादानाची सनद ही पितृत्वाच्या सनदेहून निराळी असून ती दुसऱ्याच दरबारातून मिळवावी लागते, हा प्रश्न आपल्या परंपरेने फार पूर्वी विचारलेला आहे आणि त्याचे उत्तरही तिने बहुधा एकाच दिशेने दिलेले आहे. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो असे वैदिक वाङ्मय मानते. त्यांपैकी पितृऋण संततीने फिटते, देवऋण यज्ञाने फिटते आणि ऋषिऋण अध्ययनाने फिटते. म्हणजे विद्येचे देणे हे बापाचे देणे नव्हेच. ते कुळाबाहेरच्या कुणाचे तरी आहे, आणि म्हणूनच मुंजीच्या दिवशी मातृभोजनात आईच्या पानावरचा शेवटचा घास घेतलेल्या बटूला भिक्षेच्या झोळीसह परक्या घरी धाडण्याची वहिवाट पडली. आजचे राज्यही, शब्द निराळे असले तरी, याच मार्गाने चालते. 2002 सालच्या 86व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, त्याच दुरुस्तीने शिक्षणाची संधी पुरविण्याचे कर्तव्य आईबापांवर घातले, आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने त्या हक्काचे ठिकाण म्हणून शाळा गृहीत धरली.

असे असता जे कुटुंब आपल्या मुलांना हेतुपूर्वक शाळेत न घालता घरीच शिकविते, ते परंपरा आणि राज्य या दोघांच्याही विरुद्ध जाते. आणि तसे करण्यास त्याला कोणता धार्मिक आधार आहे, हे पाहणे मला अगत्याचे वाटते. मालवण तालुक्यात हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा राहिलेला नाही. धामापूरला, 1530 साली बांधला गेल्याचे सांगतात त्या तलावाच्या परिसरात, ‘स्यमंतक’ ही संस्था गांधीजींच्या नई तालीमचा विचार प्रमाण मानून पुस्तकाबाहेरच्या शिक्षणाचा प्रयोग चालवीत आहे, आणि किनाऱ्यावरच्या एका गावातले माझ्या परिचयाचे एक कुटुंब आपल्या मुलाला आणि मुलीला घरीच शिकवीत आहे. त्यांचा आठवडा मी जवळून पाहिलेला आहे. सकाळी आई गणित घेते, दुपारी बाप भाषा आणि इतिहास घेतो, संध्याकाळी आजी माजघरात बसून दशावतारातली आख्याने मालवणीत सांगते. आणि गुरुवारी पाटी-पुस्तक बाजूला ठेवून सगळे बाहेर पडतात. कधी होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरींचे गोडे पाणी चाखतात, कधी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी थांबून 1664 साली किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा इथे का झाली असेल यावर वाद घालतात, कधी पिंगुळीला जाऊन ठाकर कलावंतांच्या चित्रकथीच्या पोथ्या पाहतात, तर कधी कुडोपीच्या सड्यावर उन्हात तापलेल्या जांभ्यावर कोरलेल्या कातळशिल्पांभोवती फिरतात. दहावीची परीक्षा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते, एवढी व्यावहारिक तजवीज त्यांनी मनाशी करून ठेवलेली आहे.

एका बुधवारी रात्री त्या आईने मुलाला तांब्याभर पाण्यात मिठाचा खडा टाकावयास सांगितले आणि सकाळी उठल्यावर तो खडा परत मागितला. मुलाने तांब्यात हात घालून तळ चाचपला आणि “मीठ खंय गेलां?” असे आजीला विचारले. आईने त्याला वरचे पाणी चाखविले, मधले चाखविले, मग तळचे. मुलाचे तोंड तिन्ही वेळा सारखेच वाकडे झाले. त्याच दिवशी त्यांनी शिरोड्याचे मिठागर गाठले. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत अडविलेले असते, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडता सोडता ऊन त्याला आटविते, आणि शेवटच्या वाफ्यात तेच अदृश्य मीठ पांढऱ्या कणांनी पुन्हा प्रकट होते. हे त्या मुलाने स्वतःच्या बोटांनी खरवडून पाहिले. 1930 साली याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, हे बापाने तिथेच सांगितले. एका दिवसात रसायन, इतिहास आणि ब्रह्मविद्या यांची अशी गाठ घालून देणारी दुसरी पाठशाळा माझ्या पाहण्यात नाही, हे मी मोकळेपणाने लिहितो.

तांब्यातल्या मिठाचा तो पाठ छांदोग्य उपनिषदातला आहे, आणि घरी शिकविणाऱ्यांना आधार हवा असेल तर तो त्यांना तिथेच सापडेल. परंतु तो आधार जितका बळकट आहे तितकाच तो अवघडही आहे. उद्दालक आरुणी हा स्वतः थोर विद्वान असूनही त्याने श्वेतकेतूला आरंभी घरी शिकविले नाही. आपल्या कुळात केवळ जन्मामुळे ब्राह्मण म्हणवून घेणारा कुणी झालेला नाही, असे बजावून त्याने बारा वर्षांच्या मुलाला बाहेर धाडले. मुलगा चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून, आपल्यासारखा ज्ञाता नाही असा ताठा घेऊन परतला. आणि तेव्हा कुठे बापाने त्याला असा एक प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर त्या सर्व अध्ययनात नव्हते. पुढे जे काही घडले ते घरीच घडले. वडाचे फळ फोडून त्यातल्या कणाएवढ्या बीजाच्या आत काय दिसते ते पाहावयास लावणे, पाण्यात मीठ विरघळविणे, मुलाने पुन्हा पुन्हा “आणखी समजावून सांगा” म्हणणे आणि बापाने तोच सिद्धांत नऊ वेळा नऊ दृष्टांतांनी सांगणे, हे सारे शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने अनुपम आहेच. पण मला विचारात पाडते ती त्या सिद्धांताची दिशा. जे सत् साऱ्या चराचरात व्यापून आहे तेच तू आहेस, असे सांगणारा पिता ‘हा माझा पुत्र’ या भावनेचाच निरास करीत असतो. आपल्या मालकीचा दस्तऐवज आपल्याच हाताने, पुत्रासमक्ष, पाण्यात विरघळविल्यावाचून त्याला ती विद्या देता आली नसती. म्हणून पिता गुरू होऊ शकतो काय, या प्रश्नाला उपनिषदाचे उत्तर ‘होय’ असेच आहे. फक्त तो शिकवीत असता पितेपणाचा हक्क सांगू शकत नाही.

हक्काचा हा भेद आपल्या ओळखीचा आहे. आपल्या कोकणात खोत होते आणि कुळे होती. खोताचा हक्क जमिनीवर आणि कुळाच्या पिकावर चाले. कुळ मात्र जमीन कसून पुढच्या हाती सुस्थितीत देण्यापुरते तिचे होते, आणि 1949 च्या कायद्याने खोती नाहीशी होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात हे नाते टिकून होते. घरी शिकविणाऱ्या आईबापांनी अपत्याशी खोताच्या नात्याने वागावे की कुळाच्या, यावरच त्यांच्या सबंध उद्योगाची धार्मिकता अवलंबून आहे असे माझे मत आहे.

या मताची कसोटी पाहण्यास पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके दुसरे योग्य चरित्र मराठी जगात नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविण्याचा निश्चय केला, त्यापायी त्यांना धर्मशास्त्रज्ञांपुढे जाब द्यावा लागला, आणि आप्तेष्टांचा विरोध सोसवेना तेव्हा ते गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तिथे 1858 साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत वर्षानुवर्षे हिंडले, आणि त्या भ्रमंतीतच मुलीला आईने शिकविले. शाळा नाही, परीक्षा नाही, दाखला नाही. तरीही 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. घरच्या शिक्षणाचा याहून मोठा विजय कुणी दाखवावा? परंतु त्याच आईबापांनी मुलांना बाहेरच्या जगाच्या वाऱ्यापासून निग्रहाने दूर ठेविले होते, लौकिक विद्या आणि लौकिक व्यवहार शिकविले नव्हते, आणि दुष्काळात जवळचे सर्व संपल्यावर, मजुरी करणेही ठाऊक नसलेल्या त्या विद्वान कुटुंबातली माणसे उपासमारीने एकामागून एक गेली. हीच मुलगी पुढे 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती झाली. अनंतशास्त्री तेव्हा हयात असते तर त्यांचे हृदय विदीर्ण झाले असते यात शंका नाही. पण मी असे म्हणेन की त्यांच्या शिक्षणाचे यश त्या दिवशीही अबाधितच होते, कारण त्यांनी कन्येला प्रश्न विचारण्याचे सामर्थ्य दिले होते आणि ते सामर्थ्य कोणत्या उंबरठ्यापाशी थांबेल हे ठरविणे पित्याच्या हाती कधीच नसते. ज्याला आपले मूल आपल्याच देवापुढे हात जोडील याची जामिनकी हवी असेल, त्याने त्याला घरी शिकवू नये. 1889 साली रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले आणि आपल्याला अरण्यात मिळालेली विद्या परक्यांच्या विधवा मुलींसाठी खुली केली; ऋषिऋण फेडणे म्हणतात ते यालाच.

आता दुसरी बाजू, जी मला अधिक अस्वस्थ करते. शाळेत न जाणे हा ज्याच्या पूर्वजांना शाळा उघडी होती त्याचा विलास ठरू शकतो. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना स्वतःचे गोणपाट नेऊन वेगळे बसावे लागले, तरीही त्यांनी शाळा सोडली नाही, आणि पुढे आपल्या समाजाला शिक्षणाकडे पाठ फिरवू दिली नाही. जोतीराव फुल्यांनी पत्नी सावित्रीबाईंना प्रथम घरीच शिकविले हे खरे; पण त्या घरगुती शिक्षणाची परिणती 1848 साली पुण्यातल्या भिडेवाड्यात इतरांच्या मुलींसाठी शाळा काढण्यात झाली. शाळेच्या एका बाकावर गाबिताचा मुलगा, भंडाऱ्याचा मुलगा आणि भटजीचा मुलगा दाटीने बसतात, यात जो धर्म आहे तो घरच्या माजघरात, तिथे कितीही सुंदर पाठ चालला तरी, सहजी उत्पन्न होत नाही.

मी त्या कुटुंबाबरोबर एकदा रापण ओढताना पाहण्यास गेलो होतो. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळे टाकलेले असते, त्याची दोन टोके किनाऱ्यावर असतात, आणि दोन्ही दोरांना माणसे लागून ते जाळे पाऊल पाऊल मागे सरत ओढतात. ज्याने हात लावला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कुणाचाही कोण असो. पर्ससीनच्या मोठ्या नौका आल्यापासून रापणीत पूर्वीइतके सापडत नाही, परंतु वाट्याची रीत मोडलेली नाही. रविवार असल्याने गावातली शाळकरी पोरेही दोराला लागली होती. त्या कुटुंबातल्या मुलाला जाळ्यातली तारली, बांगडा, पेडवे, सारी नावे तोंडपाठ होती आणि तो ती अभिमानाने सांगत होता. त्याच्यापुढे दोर धरलेल्या पोराचे नाव मी विचारले, तेव्हा ते त्याला ठाऊक नव्हते. दर आठवड्याला एकाच किनाऱ्यावर येणारी ही दोन मुले. त्या आईने ते ऐकले, आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

छांदोग्यातच सत्यकाम जाबालाची कथा आहे. त्याला गुरूच्या गाई घेऊन रानात राहावे लागले, आणि तिथे बैलाने, अग्नीने, हंसाने आणि पाण्यात बुड्या मारणाऱ्या एका पक्ष्याने त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला. असे पक्षी आमच्या कोळंबच्या खाडीत खुंटांवर पंख पसरून वाळवीत बसलेले असतात. निसर्गाने इतके शिकविल्यावरही सत्यकाम परत आला आणि आपल्या मानवी गुरूला नम्रपणे म्हणाला की तुमच्याकडून ऐकल्यावाचून हे पुरे होत नाही. घरी शिकविणाऱ्यांनी ही कथा उत्तरार्धासह वाचली पाहिजे. समुद्र, किल्ला, मिठागर हे सर्व थोर शिक्षक आहेत, पण मनुष्याचे ऋण मनुष्यातच फिटते.

तेव्हा ज्यांना आपल्या अपत्यांना घरीच शिकवावयाचे आहे त्यांनी ते अवश्य करावे. धर्म त्यांना आडवा येत नाही. मात्र शेजारच्या शाळकरी मुलांना ज्या दिवशी सुट्टी असते त्या दिवशी त्यांनी आपली सहल न्यावी आणि होडीत त्या मुलांसाठी जागा ठेवावी. त्या कुटुंबाने आपला गुरुवार आता रविवारावर नेला आहे.