धुराचा धनी

एखादी वस्तू आपली आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणतो? पावती आपल्या नावाची आहे, किल्ली आपल्या खिशात आहे, एवढ्यावर व्यवहार चालतो. परंतु जिचा व्यापार आपणांस कळत नाही आणि बिघडली असता जिला हात लावण्याची सोय नाही, त्या वस्तूवरील आपले स्वामित्व कोणत्या प्रतीचे म्हणावे? अमेरिकेतील काही ट्रकमालकांनी या प्रश्नाला पाना-पक्कड हाती घेऊन उत्तर दिले आहे. ते उत्तर सर्वस्वी मान्य होण्याजोगे नाही. तथापि तुच्छतेने टाकून देण्याजोगेही नाही.

इंडियाना राज्यातील कोलंबस गावच्या कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन १९८९ पासून डॉजच्या ट्रकांत बसू लागले. १९९४ पासून त्यावर बॉशचा पी-७१०० हा निव्वळ यांत्रिक पंप होता. १९९८ च्या मध्यास इंजिनाची नवी, चोवीस व्हॉल्व्हांची आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर संगणकाच्या आज्ञेत चालणारा व्हीपी-४४ हा पंप आला. २००२ पर्यंतच्या ट्रकांत तोच राहिला. पुढे अनेक मालकांनी हा नवा पंप उतरवून त्या जागी जुना यांत्रिक पंप चढविला. काळाचे चाक असे उलटे फिरविण्याचे कारण काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. म्हणून सारा प्रश्न उरतो तो इंधन केव्हा आणि किती सोडावयाचे, हा. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखविले, त्या वेळी इंधन आत फुंकण्यासाठी दाबलेल्या हवेचे अवजड साहित्य जोडावे लागे. १९२७ मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश कारखान्यातून इंधन-पंप घाऊक प्रमाणावर बाहेर पडू लागले, आणि डिझेल ट्रक ही सर्वत्र परवडणारी वस्तू झाली. आपल्याकडेही १९५१ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या ‘मायको’ने याच घराण्यातील पंप घडविले. पुणे-बंगळूर रस्त्यावर ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांनी ‘पंप-नोझल’ अशी पाटी लावलेली दुकाने अवश्य पाहिली असतील.

या पंपाची रचना मोठी वेधक आहे. सहा सिलिंडरांसाठी सहा प्लंजर एका ओळीत उभे. खाली त्यांना उचलणारा कॅमशाफ्ट. प्रत्येक प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच कोरलेली असते. रॅक नावाची दांडी सरकली की सहाही प्लंजर एकदम किंचित वळतात, खाच छिद्रापाशी लवकर किंवा उशिरा येते आणि त्यावर इंधनाचे माप ठरते. वेग मर्यादेबाहेर गेला तर गव्हर्नरातील वजने फाकतात व रॅकला मागे ओढतात. प्लंजर आणि त्याचे नळकांडे यांची जोडी एकत्रच घासून जुळविलेली असते. एकाचा जोडीदार दुसऱ्याला चालत नाही. येथे कौशल्य उदंड आहे, परंतु गुपित काहीच नाही. शिकण्याची इच्छा व चार वर्षांची उमेदवारी असेल त्याला हे यंत्र आपले सारे अंतरंग उघडून दाखविते.

व्हीपी-४४ चे तसे नव्हते. त्याच्या माथ्यावरच एक बंद डबी असून तिच्यातील संगणक इंधनाची वेळ व माप ठरवितो. हा पंप इंधनानेच थंड राहतो आणि इंधनानेच त्याला वंगण मिळते. टाकीतून इंधन ओढून देणारा साधा पुरवठापंप दुबळा निघाला, तो हळूहळू निकामी होई, आणि त्याच्यापायी मोठा पंप उपाशी राहून मरे. चालकापुढे इंधनाचा दाब दाखविणारा काटाही नव्हता. एके दिवशी गाडी रस्त्यात उभी राही आणि हजाराहून अधिक डॉलरांचा खर्च समोर येई. असे दोनदा झाले की मनुष्य पंपाबरोबर त्या बंद डबीवरही रागावतो.

रूपांतर काही स्वस्त किंवा सोपे नव्हे. पुढच्या गिअरांची पेटी व पंपाचा गिअर बदलावा लागतो, सहा पोलादी नळ्या नव्याने वळवाव्या लागतात, नोझल पंपाच्या दाबाशी जुळवावे लागतात, पायाखालच्या दट्ट्यापासून रॅकपर्यंत पुन्हा दांडी-तार न्यावी लागते. शेवटी पंपाची वेळ अंशांत मोजून हाताने बांधावयाची. खर्च नव्या पंपाहून बहुधा अधिकच येतो. म्हणजे येथे केवळ पैशाचा हिशेब नाही. आपले यंत्र आपणांस कळावे, ही एक नैतिक आकांक्षा त्यामागे आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे. ज्याला आपले अवजार समजते तो त्याच्या कृत्याची जबाबदारी घेऊ शकतो. ज्याला समजत नाही तो फार तर हप्ते भरू शकतो.

परंतु संगणक आला तो निष्कारण नव्हे. अमेरिकेत अवजड डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा १९९८ पासून दर अश्वशक्ती-तासाला ५ ग्रॅमवरून ४ ग्रॅमवर आली. संगणक वेग व भार पाहून क्षणोक्षणी इंधनाची वेळ बदलतो. यांत्रिक पंपाची वेळ एकदा बांधली की बांधली. ती थोडी पुढे ओढली तर इंजिन जोर धरते, इंधनही वाचते, आणि नायट्रोजन ऑक्साइडे वाढतात. त्यांतील नायट्रिक ऑक्साइडाला रंगही नसतो. काळा धूर मालकाला आरशात दिसतो, शेजारी शिवी देतो, क्वचित लाजही वाटते. हा दुसरा धूर मात्र कोणालाच दिसत नाही. ज्या यंत्राच्या पारदर्शकतेचा एवढा गौरव केला, त्याचे सर्वांत मोठे अपकृत्य अदृश्य असावे, ही या प्रकरणातील खरी अडचण आहे. (मुद्दाम काळे लोट सोडून सायकलस्वारांना घुसमटविणारे जे वीर तिकडे आढळतात, त्यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही. तो तत्त्वाचा प्रश्न नाही, संस्कारांचा आहे.)

यावर असे म्हटले जाते की, कारखानदार तरी कोठे शुद्ध आहेत? आक्षेप पोकळ नाही. फोक्सवागेनचा लबाड संगणक २०१५ मध्ये उघडकीस आला. खुद्द कमिन्सने २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम ट्रकांत प्रदूषण-नियंत्रण चुकविणारी योजना बसविल्याचा आरोप शासनाने केला. डिसेंबर २०२३ मध्ये १६७ कोटी ५० लाख डॉलर दंडाचा समझोता जाहीर झाला. कंपनीने दोष कबूल केला नाही, दंड मात्र मान्य केला. बंद डबीत आज्ञा लपविता येते. तिरक्या खाचेत ती लपत नाही. यांत्रिक पंपाच्या बाजूचा हा सर्वांत सबळ मुद्दा होय. परंतु त्याने सिद्ध होते ते इतकेच की डबी उघडी असावी. आपणही धूर सोडावा, हे त्यातून निघत नाही.

गोव्यातील देवळाच्या तळीचे उदाहरण घेऊ. तांब्याची घागर ज्याची त्याची असते. ती कल्हई करून घ्यावी, ठोकून घ्यावी, मोडीत द्यावी, कोणी विचारणार नाही. तळी सर्वांची आहे, म्हणून घागर घासून निघालेले पाणी तिच्यात सोडण्याचा अधिकार घागरीच्या मालकीबरोबर येत नाही. ट्रकमालकाचे स्वामित्व नळीच्या तोंडाशी संपते. अमेरिकेचा स्वच्छ हवेचा कायदाही प्रमाणित इंजिनाच्या प्रदूषण-रचनेत ढवळाढवळ करण्यास मनाई करतो ती याच न्यायाने. संगणक काढून टाकणाऱ्याने संगणकाचे कर्तव्य स्वतःच्या शिरावर घेतलेले असते, आणि ते पार पाडण्यास लागणारे धूर मोजण्याचे साधन बहुतेकांपाशी नसते.

मग समजून घेण्याचा तो रास्त हक्क बुडाला काय? मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये, दुरुस्तीची माहिती निर्मात्याने मालकाला व स्वतंत्र कारागिराला दिली पाहिजे, असा कायदा मंजूर केला. आकांक्षेची खरी वाट ही आहे. १९९८ ते २००२ च्या त्या ट्रकांना तिचा लाभ नाही. त्यांची डबी बंदच राहणार. मात्र काही मालकांनी तिसरा, कमी गाजलेला मार्ग धरला. त्यांनी व्हीपी-४४ दुरुस्त करून पुन्हा बसविला, टाकीपाशी दणकट पुरवठापंप जोडला, आणि चालकापुढे, जेथे कारखान्याने काहीच ठेवले नव्हते तेथे, इंधनाचा दाब दाखविणारा एक छोटा काटा लावला. काटा खाली झुकू लागला की ते गाडी बाजूला घेतात.