घड्याळ आणि ताट

दीक्षित डाएट सुरू करून दादाला तीन महिने झाले. सहा किलो उतरलेत. पट्ट्याला पाडलेलं नवं भोक तो येईल त्याला दाखवतो.

"फुकटात झालं बघ. दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत आटपायचं आणि चालायचं. मध्ये काही खाल्लं की इन्शुलिन वाढतं. डॉ. जिचकारांनी सांगितलं, डॉ. दीक्षितांनी घरोघर पोचवलं."

"आणि ताटात काय असतं?"

"पाच पोळ्या, भात, बटाट्याची भाजी. काल श्रीखंडही होतं."

"गोड कमी करा, प्रथिनं वाढवा, असंही सांगतात ते. तू नेमकं तेवढंच गाळलंस."

"मग वजन कसं उतरलं?"

"चिवड्याचा डबा बंद झाला म्हणून! काटा किलो सांगतो रे. त्यात चरबी किती गेली नि स्नायू किती, ते नाही सांगत."

"म्हणजे ती आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर खरी? दर दोन तासांनी खा?"

"तेही घड्याळच. आपल्या कामवाल्या मावशी कित्येक वर्षं दोनदाच जेवतात. भाकरी नि चटणी. हिमोग्लोबिन आठ निघालं त्यांचं."

"ते डाएट नव्हे, ती गरिबी."

"वेळा तर त्याच आहेत ना?"

दादा जरा थांबला. "बरं, फरक ताटात आहे. मग ताट कोण ठरवणार?"

"हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिवसभराचं ताट मांडून दाखवलंय. २,००० कॅलरींसाठी ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी, १०० ग्रॅम फळं."

"मी काय सोनार आहे, तोलत बसायला? आठवडाभर तोलेन, मग पुन्हा चिवडा. घड्याळ मला पाळता येतं. जे पाळलंच जात नाही, ते संतुलित असून काय उपयोग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वजन घटल्यावर त्याचे गुडघे दुखायचे थांबलेत, हे मीही पाहते आहे. डाळ न वाढवता उतरलेले हे किलो मला तरीही खुपतात.

"सोमवारपासून मीही सुरू करतेय," वहिनी आतून म्हणाली.

"वहिनी, तुमच्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना विचारलंत? काही गोळ्यांवर पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम खाली येते."

"ह्यांना तर काही झालं नाही."

"ह्यांना साखर नाही," दादाच म्हणाला, आणि डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला.